नाकसाहेबांचा भोपळा

नाकसाहेबांचं नाक दिसायला काही विशेष नव्हतं. सरळ होतं, चेहऱ्याच्या मधोमध होतं आणि चष्मा टिकवून धरण्याचं काम चोख करत होतं. पण साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षं नोकरी केली ती त्या नाकाने. बाकीचे नाकसाहेब नुसते सोबतीला जात. रोज सकाळी टेबलावर साबणाच्या चाळीस वड्या मांडून ठेवलेल्या असत. साहेब एकेक वडी नाकाखालून फिरवत आणि म्हणत, "चालेल" किंवा "चालणार नाही", आणि फारच झालं तर "हे कुणी केलं?" या तिसऱ्या वाक्याला अख्खा कारखाना टरकून असे. निरोपाच्या समारंभात व्यवस्थापक भारावून म्हणाले होते, "साहेब चालले, पण त्यांचं नाक कायम आमच्यापाशी राहील." टाळ्या पडल्यावर त्यांना आपल्या वाक्याचा अर्थ लागला आणि ते घाईघाईने खाली बसले.

निवृत्तीनंतर हे नाक इमारतीच्या सेवेत रुजू झालं. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. दूध नासलंय का, गॅस गळतोय का, नव्या बुटांचं चामडं खरं की खोटं, असे सगळे खटले तिसऱ्या मजल्यावर साहेबांपुढे येत. नवऱ्याच्या सदऱ्याला सिगारेटचा वास येतो का, अशीही एक फिर्याद आली होती. त्यावर निकाल द्यायला मात्र साहेबांनी नकार दिला, कारण प्रतिवादी त्यांच्याबरोबर पत्ते खेळत असे.

आणि असं हे नाक एका साध्या सर्दीने नेलं. सर्दी आठवड्याने गेली, जाताना वास घेऊन गेली. साबण, कॉफी, कांदा, फिनेल, सगळं सारखंच. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. नाही आला, तर सवय होईल." असा दिलासा मिळाल्यावर माणूस आजारी नसला तरी पडतो. साहेब डॉक्टरांकडे तीनदा गेले आणि तिन्ही वेळा बायकोला म्हणाले, "छत्री दुरुस्त करून आणतो."

त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? गुडघा गेला तर लोक चारचौघांत पाय वर करून दाखवतात. खरं आहे. पण गुडघ्यावरून त्यांना कुणी गुडघेसाहेब म्हणत नव्हतं. नाक काढून घेतलं तर मागे नुसते साहेब उरतात, आणि निवृत्त साहेबाला कुत्रं विचारत नाही. ही भीती त्यांना खरोखर वाटत होती. आरशापुढे दाढी करताना ती जास्त वाटे, कारण तेव्हा नाक स्वतःच चिमटीत धरावं लागे.

तेव्हा झाकली मूठ सव्वा लाखाची. दूध घेऊन कुणी आलं की साहेब डोळे मिटून भांडं नाकाशी नेत, दोनदा फुसफुस करत आणि जरा वेळ काढत. तेवढ्यात बायको हात पुसत बाहेर येऊन म्हणे, "चालेल ना हो?" की साहेब म्हणत, "चालेल." कधी ती म्हणे, "बघा बाई, उन्हाळ्याचे दिवस आहेत." की साहेबांना आतून वाटे, चालणार नाही. आणि गंमत म्हणजे निकाल एकदाही चुकला नाही! चौतीस वर्षांचा अनुभव नाकात नाही, रक्तात उतरलाय, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

अशात एके सकाळी जिन्यात त्यांना जीवनसत्त्वबाई भेटल्या. या दुसऱ्या मजल्यावर राहत. तीस वर्षं कॉलेजात आहारशास्त्र शिकवल्यामुळे त्यांना अन्न दिसतच नसे, त्यातले घटक दिसत. त्या केळं सोलत नसत, पोटॅशियम सोलत.

"साहेब, भोपळ्याच्या बिया फेकता का हो तुम्ही?"

"आम्ही? छे!" साहेब म्हणाले. त्यांच्या घरी वर्षभरात भोपळा आला नव्हता.

"फेकू नका. जस्त आहे त्यात, जस्त! मॅग्नेशियम आहे. आणि शरीरात जस्त कमी पडलं ना, की माणसाची चव जाते, वास जातो."

साहेबांनी कठडा धरला. "वास?"

"वास. नाक असून नसल्यासारखं. आणि त्या बियांचं तेल काढलं तर काय दरवळतं म्हणून सांगू! भाजलेल्या अक्रोडासारखं, गरम पावाच्या खरपूस कडेसारखं, आणि मागून अगदी हलका हिरव्या गवताचा वास. ई जीवनसत्त्व आहे, चांगली स्निग्धाम्लं आहेत. थांबा, माझ्या मैत्रिणीने दिलेली एक बाटली आहे घरात. आणते, तुम्ही जरा हुंगून सांगा अस्सल आहे का—"

"गॅसवर दूध आहे!" साहेब ओरडले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाले.

बाईंनी आपलं पुढचं वाक्य रिकाम्या जिन्याला ऐकवलं. अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती. ते वाक्य साहेबांनी ऐकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि पुढे जे भोपळे उतरले ते उतरले नसते.

घरात शिरताच साहेबांनी जाहीर केलं, "अगं, आपण भोपळ्याच्या बियांचं तेल काढायचं."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "बाजारात मिळतं की."

"बाजारातलं? माझ्या नाकाला?"

तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कोपऱ्यातल्या छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाली, "काढा."

तेलासाठी घाणा लागतो. मंडईमागच्या गल्लीत एकाचा लोखंडी घाणा होता. त्याने सांगितलं, "काका, तीन किलोच्या खाली बी असेल तर येऊ नका. तेवढं मशीनच पिऊन टाकतं." मग साहेबांनी हिशेब केला. एका भोपळ्यातून मूठभर बिया. त्या वाळल्या की अर्धी मूठ. अडतीस भोपळे पुरावेत.

अडतीस हा आकडा कागदावर अगदी सज्जन दिसतो. टेम्पोतून उतरायला लागला की त्याचा स्वभाव कळतो. इमारतीला लिफ्ट नव्हती. जिन्यात माणसांची साखळी करून भोपळे वर चढवले, त्यातला एक दुसऱ्या मजल्यावरून निसटला आणि प्रत्येक पायरीला नमस्कार करत तळमजल्यावरच्या गणिताच्या मास्तरांच्या दारावर जाऊन आदळला. मास्तरांनी दार उघडून खाली पाहिलं. साहेब वरून ओरडले, "तो तुम्हालाच ठेवा, मास्तर!"

"नको," मास्तर शांतपणे म्हणाले. "मी आयुष्यभर भोपळे दिले. घेतला एकही नाही."

भोपळे पलंगाखाली गेले, न्हाणीघरात गेले, पुस्तकांच्या कपाटावर चढले. दोन सोफ्यावर बसले, आणि ते बसले म्हणून साहेब उभे राहिले. बिया काढून झाल्यावर गर उरला. बायकोने त्याचं सूप केलं, केक केला, मुरंबा केला, मग पुन्हा सूप केलं. शेजाऱ्यांत वाटावं म्हटलं तर पाचव्या दिवसापासून लोक तिसऱ्या मजल्यावरून चपला हातात घेऊन जाऊ लागले.

याच सुमारास समोरच्या दारातले सल्लागार कामाला लागले. यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायला कुणाला उसंत मिळत नसे, कारण दार उघडताच सल्ला बाहेर पडे. हयात उंटावरून शेळ्या हाकण्यात गेलेली. शेळ्या लोकांच्या आणि उंटही लोकांचाच. घरात एक म्हातारा कुत्रा होता. तोसुद्धा सल्ल्यांना कंटाळून दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपे.

"बिया वाळवताय ना? गच्चीवर वाळवा," सल्लागार म्हणाले.

वाळवल्या. एक किलो कबुतरांनी नेल्या. पुन्हा नऊ भोपळे आले.

"साल काढून टाका. सालासकट तेल कडू होतं. माझ्या मावसभावाने काढलं होतं."

झालं! तीन आठवडे घरात येणाऱ्याच्या पुढे पाण्याऐवजी बियांची वाटी ठेवण्यात आली. मीटर वाचायला आलेला माणूस पाव वाटी सोलून गेला. साहेबांची नखं हिरवी झाली, बोटं सुजली, नाकी नऊ आले. अर्थात ज्या नाकी आले तिथे सध्या जागा रिकामीच होती. शेवटी बियांचा गर एका पिशवीत भरला आणि सालं दुसरीत. सालांची पिशवी फेकायला साहेब निघाले तर बायको म्हणाली, "राहू दे, जागा काय मागतेय?" ज्या घरात माणसाला बसायला सोफा उरला नव्हता तिथे हे वाक्य बोलायला धाडस लागतं.

खरी परीक्षा पुढे होती. तेलाला तो सगळा सुवास येतो तो बी भाजल्यामुळे. गर जाडसर दळायचा, पाण्याचा हबका मारायचा आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतायचा. थांबायचं केव्हा? तर वास बदलला की. कच्चा वास जाऊन खमंग वास आला की क्षणात उतरवायचं. पुस्तकात एवढंच लिहिलं होतं, 'वासाने कळेल.' साहेबांनी ते वाक्य चारदा वाचलं आणि पुस्तक उलटं ठेवलं.

पहिला घाणा त्यांनी एकट्याने भाजायला घेतला. बायको बहिणीकडे गेली होती. साहेबांनी कढई चढवली, पाच मिनिटं परतलं, मग मंद आचेवर काय होतंय म्हणून शेजारी स्टुलावर बसून वर्तमानपत्र उघडलं. अग्रलेख संपेपर्यंत त्यांना वाटलं चष्मा धुरकट झालाय. चष्मा पुसला. छोट्या जाहिराती वाचताना वाटलं, छपाई फिकट आहे हल्ली. मग दारावर लाथा बसू लागल्या.

"साहेब! अहो जळतंय!" सल्लागार ओल्या टॉवेलात तोंड गुंडाळून आत घुसले. मागे जीवनसत्त्वबाई, मास्तर आणि पाण्याच्या तीन बादल्या.

धुरात बसलेले साहेब वर्तमानपत्र न ठेवता म्हणाले, "जळत नाहीये. भाजतंय. तुमच्या नाकांना फरक कळायचा नाही."

याला म्हणतात नाकाने कांदे सोलणं, आणि तेही नाक नसताना. कढईत कोळसा झाला होता. स्वयंपाकघराचं छत काळं पडलं होतं. तरी इमारतीत दोन दिवस चर्चा अशी की एवढ्या धुरात शांत बसायचं म्हणजे नाक किती मुरलेलं असलं पाहिजे!

बायकोने परत आल्यावर छताकडे एकदा बघितलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी उरलेला गर चढवला तेव्हा ती शेजारी भाजी चिरत बसली. साहेब परतत होते आणि मनातून घाबरलेले होते. एकाएकी ती उठली. "सरका जरा, मला दूध तापवायचंय," म्हणून कढई उचलून खाली ठेवली. साहेब चिडले, की मधेच काय दूध? पण बघतात तर गर सोनेरी-तपकिरी, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. दुसऱ्या घाण्यालाही नेमकं दूधच तापवायचं निघालं. तिसऱ्यालाही. 'योगायोग म्हणतात तो हा,' असं साहेब स्वतःशी म्हणाले.

घाण्यावर दोघं मिळून गेली. घाणेवाल्याने गर हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. "काका, सगळी सोललीत कशाला? नुसता गर घाण्यात लगदा होऊन बसतो. थोडी सालं असली की पकड येते."

साहेबांनी सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. त्या क्षणी सल्लागारांचा मावसभाव समोर असता तर त्याचंच तेल निघालं असतं. बायकोने दुसरी पिशवी पुढे केली. त्यात सालं होती.

"वहिनी हुशार आहेत," घाणेवाला म्हणाला. "आता दाखला द्या."

"कसला दाखला?"

"घाण्यात नेहमीचं सोडून दुसरं बी घातलं की अन्न-कचेरीचा दाखला लागतो. उद्या कुणी पिऊन आडवं झालं तर मला धरतात."

"तो कसा मिळतो?"

"तेलाचा नमुना दिला की."

"आणि तेल कसं मिळतं?"

"दाखला दिला की."

घाणेवाला माणूस मात्र चांगला होता. त्याने तोड काढली. तेल काढतो, डबा माझ्याकडे ठेवतो, नमुन्याची एक लहान बाटली न्या, दाखला आणा आणि डबा घेऊन जा. घाणा फिरला. काळपट, दाट धार निघाली. घाणेवाल्याने डोळे मिटून खोल श्वास घेतला आणि "आहाहा" केलं. बायकोनेही श्वास घेतला. साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने बघून "आहाहा" केलं, जरा उशिरा. सत्तेचाळीस भोपळ्यांतून निघालं एक डबा तेल आणि थाळीएवढ्या चार कडक चकत्या.

"पेंड नेता का?"

"चोथा नेऊन काय करू?" साहेब म्हणाले. पण बायकोने चकत्या घेतल्याच, आणि सल्लागारांच्या कुत्र्याला घातल्या.

अन्न-कचेरीच्या अर्जाला चौदा रकाने होते. साहेबांनी चमच्यात दोन थेंब घेऊन पाहिले आणि रकाना सहामध्ये झोकात लिहिलं: 'तेलाचा रंग: हिरवा.' आणि बायकोला घेऊन कचेरीत गेले. म्हणजे ती म्हणाली, "मी येते," आणि त्यांना नाही म्हणायचं कारण सुचलं नाही. एकच छत्री किती वेळा दुरुस्त करणार?

तपासनिसाच्या टेबलावर एका ट्रेमध्ये वीसेक बाटल्या होत्या, सगळ्या सारख्या, औषधाच्या दुकानातल्या. त्याने साहेबांची बाटली उजेडात धरली, अर्ज पाहिला, पुन्हा बाटली पाहिली.

"अर्जात हिरवं आहे. बाटलीत लाल आहे."

साहेबांनी पाहिलं. लाल होतं. चांगलं डाळिंबी लाल. "अहो, चमच्यात हिरवं होतं."

"म्हणजे नमुना बदलला."

"बदलायला मी काय जादूगार आहे? बशी आणा."

बशी आली. तेल ओतलं. बशीत पसरलं ते हिरवंगार, आणि मधल्या खोलगट भागात साचलं ते लाल. तपासनिसाने बशी खिडकीशी नेली, दिव्याखाली नेली, तिरकी केली. तिरकी केल्यावर लाल तेल पळालं आणि हिरवं झालं. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून आले. पातळ थराला हिरवं आणि जाड थराला लाल, हा त्या तेलाचा गुणच आहे. पण सरकारी कागदावर वस्तूला गुण असून भागत नाही, एकच रंग असावा लागतो.

"हिरवट लाल लिहा ना, साहेब," शिपाई म्हणाला.

"आणि लालसर हिरवा असला तर? जबाबदारी कोणाची?"

पाऊण तास वाद चालला. शेवटी तपासनिसाने रकान्यात लिहिलं, 'पाहावा तसा', शिक्का मारला, तेल परत बाटलीत ओतलं आणि बाटली ट्रेमध्ये ठेवली. मग त्याने रकाना सातवर बोट ठेवलं: 'वास'. आणि अर्जावरचं नाव वाचून एकदम वर पाहिलं.

"तुम्ही साबणाच्या कारखान्यातले? माझी मेहुणी होती तिथे पॅकिंगला. 'हे कुणी केलं?' म्हणायचे ते तुम्हीच ना?"

साहेब संकोचाने हसले. एवढा संकोच माणसाला फार आनंद झाल्यावरच होतो.

"अहो, मग वासाचा रकाना आम्ही काय भरणार! तुम्हीच हुंगा आणि सांगा, मी लिहून घेतो. या रे सगळे, साहेबांचं ऐका!"

दहाबारा माणसं जमली. कित्येक महिन्यांनी साहेबांच्या नाकापुढे सभा भरली होती. ते उठले, कोट सारखा केला आणि कारखान्यातल्या त्या जुन्या ऐटीत, न बघता, ट्रेमधून एक बाटली उचलली. लालच होती. बूच काढलं. डोळे मिटले. बाटली नाकाखालून डावीकडून उजवीकडे फिरवली.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "पहिल्यांदा येतो तो भाजलेल्या अक्रोडाचा गंध."

जमलेल्यांतला एकजण दोन पावलं मागे सरला.

"मग गरम पाव फोडल्यावर त्याच्या खरपूस कडेला येतो तसा."

बायकोने त्यांच्या पायावर पाय दिला. साहेबांनी पाय काढून घेतला.

"आणि शेवटी, मागून, अगदी हळुवार," त्यांनी डोळे किलकिले केले. लोकांनी रुमाल बाहेर काढले होते. शिपायाच्या डोळ्यांत पाणी होतं. आपल्या शब्दांचा एवढा परिणाम पाहून साहेबांना गहिवरून आलं. "दंव पडलेल्या गवताचा. घरी नेऊन रोज सकाळी चमचाभर घ्यावं असा!"

"साहेब," तपासनीस नाक दाबून म्हणाला, "हे सहा महिन्यांपूर्वी जप्त केलेलं माशाचं तेल आहे. सडलेलं."

कुणी हसलं नाही, हे सगळ्यांत वाईट. खिडकी उघडायला कुणीतरी धावलं. साहेबांच्या हातात बाटली तशीच होती, आणि बूच कुठल्या खिशात ठेवलं ते त्यांना आठवेना.

"सर्दी झालीय त्यांना," बायको पटकन म्हणाली. "कालपासून. मी म्हणत होते नका येऊ."

लोकांचे चेहरे सैल झाले. "असं होय!" तपासनीस म्हणाला. मूठ पुन्हा झाकली गेली होती. साहेबांनी फक्त एकदा शिंकायचं बाकी होतं. पण त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिने ते वाक्य इतक्या सहज, इतक्या सरावाने म्हटलं होतं! असं वाक्य माणूस पहिल्यांदा खोटं बोलताना म्हणत नाही.

"सर्दी नाही," साहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "मला चार महिने झाले, कसलाच वास येत नाही. रकाना हिला भरू द्या."

बायकोने योग्य ती बाटली शोधून काढली, हुंगली आणि विचार करून म्हणाली, "नव्या पेन्सिली तासल्यावर कंपासपेटी उघडली की येतो ना, तसा. आणि थोडा यांच्या जुन्या कोटासारखा, उन्हात टाकल्यावर."

"असं लिहिता येत नाही, वहिनी. चांगला की वाईट?"

"चांगला."

तपासनिसाने लिहिलं, 'चांगला', आणि शिक्का मारला.

बाहेर बाकावर बसल्यावर साहेबांना कोटाच्या खिशात ते तेलकट बूच सापडलं. मग म्हणाले, "तुला कधीपासून माहीत?"

"दुसऱ्या दिवसापासून. फिनेलच्या बादलीत पाय बुडाला तरी तुम्ही विचारलंत, हे पाणी कसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही छत्री घेऊन जात होता ना? म्हटलं, सांगायचं असेल तेव्हा सांगतील. तीनदा दुरुस्त झाली छत्री, आणि काडी अजून मोडलेलीच आहे."

साहेबांच्या डोक्यात हळूहळू दिवे लागत होते. "आणि ते दूध? चालेल ना हो?"

"दारातूनच वास येतो मला. 'चालेल ना हो' म्हणजे चालेल. 'बघा बाई' म्हणजे नाही. तुम्ही बरोबर पकडायचात," ती म्हणाली, "कान चांगलाय तुमचा."

चार महिन्यांचे सगळे बिनचूक निकाल, ते रक्तात उतरलेले अनुभव, एकेक करून साहेबांच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांना शरम वाटली. आणि तिची फार, फार माया वाटली. दोन्ही एकदम वाटल्यामुळे ते नुसतेच खाकरले. "आणि कढई उतरवून दूध तापवायचीस ते?"

"मग काय उरलंसुरलं छतही काळं करू देऊ?"

तेलाचा डबा घेऊन दोघं घरी आली तेव्हा जीवनसत्त्वबाई जिन्यातच होत्या. साहेबांनी आता लपवायचं काही ठेवलंच नव्हतं, त्यांनी जस्ताचं, नाकाचं, सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "रोज किती चमचे घेऊ?"

"जस्तासाठी? तेल?" बाई डोळे विस्फारून म्हणाल्या. "अहो, जस्त तेलात कुठे उतरतं! ते सगळं पेंडीत राहतं. त्या दिवशी सांगितलं की मी जिन्यात!"

वर सल्लागारांच्या दारात त्यांचा म्हातारा कुत्रा उभा होता. भिंतीकडे नाही, जिन्याकडे तोंड करून. "काय झालंय याला कळत नाही," सल्लागार वैतागून म्हणाले. "चार दिवस झाले, सारखा हुंगतोय. आज मला ओढत चार गल्ल्या पलीकडच्या खाटकाकडे घेऊन गेला." साहेबांनी कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने साहेबांना नखशिखांत हुंगलं, त्यातही कोटाचा माशाचं तेल सांडलेला खिसा दोनदा, आणि तोंड फिरवलं. भ्रमाचा भोपळा फुटतो म्हणतात. इथे सत्तेचाळीस फुटले होते.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला बायकोने उकडलेले बटाटे कुस्करून त्यावर ते तेल घातलं. बशीच्या कडेला हिरवं, मधे लाल. साहेबांनी घास घेतला. चव थोडी कळत होती. जिभेला दाट, गुळगुळीत लागलं, शेवटी किंचित कडसर.

"सांग," ते म्हणाले. "आत्ता कसा येतोय?"

"काल सांगितलं ना, कंपासपेटी."

"आज पुन्हा सांग."

ती सांगत होती आणि ते खात होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात गणिताचे मास्तर दुधाचं पातेलं घेऊन उभे. "साहेब, जरा हुंगता का? आज शंका येतेय."

साहेबांचा हात सवयीने पातेल्याकडे गेला. नाकपुड्याही फुलल्या. मग त्यांनी हात मागे घेतला आणि आत वळून पाहिलं.

"एक मिनिट हं, मास्तर," ते म्हणाले. "नाक जेवतंय. बोलावतो."